पुस्तक आपले, कपाट कुणाचे?

'किंडल घेऊ का?' हा प्रश्न हल्ली चळवळीतली तरुण मुले आम्हाला सारखी विचारतात. विचारणाऱ्यांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे आहेत, पीएच.डी. करणारे आहेत, पुण्या-मुंबईत भाड्याच्या खोलीत राहून दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवणारे आहेत. पुस्तकांची खोकी जिन्यावरून चढवून-उतरवून ही मुले थकली आहेत. त्यांना 'घ्या' किंवा 'नका घेऊ' असे एका शब्दाचे उत्तर आम्ही देत नाही. उलट विचारतो: त्या यंत्रावर तुम्ही पुस्तक विकत घेता, तेव्हा तुमच्या हातात नेमके काय येते?

बहुतेकांना उत्तर ठाऊक नसते. ते ठाऊक नसावे अशीच या धंद्याची रचना आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आम्ही ई-पुस्तकाचे वैरी नाही. कागदाच्या वासाचे गोडवे गाणारे लेख वाचून आम्हाला कंटाळा येतो. ज्यांच्या घरात तीन पिढ्यांची पुस्तकांची कपाटे आहेत त्यांना ते शोभते. आमच्यापैकी अनेकांच्या घरात पहिले पुस्तक आले ते सहा डिसेंबरला चैत्यभूमीवरून किंवा दीक्षाभूमीवरून, तेही पातळ, वीस-तीस रुपयांचे. किनवटच्या किंवा एटापल्लीच्या मुलीला जे पुस्तक तालुक्याच्या दुकानात कधीच दिसणार नाही, ते तिच्या फोनवर दोन मिनिटांत येत असेल तर त्याला नाके मुरडणारे आम्ही कोण? शिवाय एक गोष्ट आपल्या लोकांनाच कळेल. शहरात खोली भाड्याने घेताना आडनाव विचारणारे घरमालक अजून आहेत. अशा घरात टेबलावर बाबासाहेबांचे पुस्तक दिसू नये म्हणून ते उशीखाली ठेवणारी मुले आम्ही पाहिली आहेत. यंत्राला मुखपृष्ठ नसते. शेजारच्याला कळत नाही तुम्ही काय वाचता. हा फायदा लहान नाही.

पण ज्याने यंत्र विकले त्याला मात्र सगळे कळते. कोणते पान किती वाजता उघडले, कुठल्या ओळीखाली रेघ मारली, पुस्तक कुठे सोडून दिले, हा सगळा तपशील त्याच्याकडे जमा होऊ शकतो. घरमालकापासून लपवलेले वाचन आपण दुकानदाराच्या हवाली करतो.

आता धंदा समजून घेऊ. ॲमेझॉनने पहिले किंडल १९ नोव्हेंबर २००७ रोजी अमेरिकेत आणले. किंमत ३९९ डॉलर, तेव्हाच्या दराने साडेपंधरा हजार रुपयांच्या वर. साडेपाच तासांत साठा संपला. सोनीचे वाचनयंत्र त्याच्या आधीच बाजारात होते, त्याचा पडदाही वाईट नव्हता. किंडलचे वेगळेपण असे की त्यात दुकानच बसवलेले होते. संगणकाला जोडायला नको, इंटरनेटचे वेगळे बिल नको. पलंगावर पडल्या पडल्या बटण दाबले की पुस्तक हजर. आणि गाजलेली नवी पुस्तके ९.९९ डॉलरला. त्यांतल्या बऱ्याच पुस्तकांसाठी कंपनी प्रकाशकाला याहून जास्त पैसे मोजत होती. म्हणजे प्रत्येक विक्रीवर तोटा.

तोटा सोसून कोणी धंदा का करतो? गावच्या सावकाराचा पहिला व्यवहार नेहमी गोडच असतो. २०११ मध्ये कंपनीने जाहिराती दाखवणारे स्वस्त किंडल काढले, १३९ डॉलरचे यंत्र ११४ डॉलरला. २०१२ मध्ये जेफ बेझोस यांनी उघडच सांगितले की यंत्र आम्ही खर्चाच्या किमतीला विकतो. लोक ते वापरू लागले की मग कमावतो. यात लबाडी काही नाही, हिशेब सरळ आहे. यंत्र हे दुकानाचे दार आहे. दार स्वस्त ठेवायचे आणि आत आलेल्या माणसाला बाहेर जाण्याची वाट अवघड करायची.

वाट अवघड करण्याचे साधन म्हणजे फाइलचा प्रकार आणि तिच्यावरचे कुलूप. ई-पुस्तकांसाठी 'ईपब' नावाचा खुला प्रकार आहे. तो कुणाच्या मालकीचा नाही, कुठल्याही ॲपवर किंवा यंत्रावर उघडू शकतो. किंडलच्या दुकानातले पुस्तक मात्र कंपनीच्या स्वतःच्या प्रकारात येते आणि त्यावर बहुधा कुलूप असते. तुम्ही दोनशे पुस्तके जमवलीत आणि उद्या दुसऱ्या कंपनीचे यंत्र घ्यावेसे वाटले, तर ती दोनशे पुस्तके बरोबर येत नाहीत. माणूस मग यंत्र बदलत नाही. पुस्तकांच्या संख्येबरोबर साखळीची लांबी वाढत जाते. आधी निदान पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून यूएसबीने यंत्रात टाकायची सोय होती. २६ फेब्रुवारी २०२५ पासून तीही काढून घेतली.

आणि 'विकत घेणे' हा शब्द? दुकानाच्या अटी वाचा. त्यात लिहिलेले असते की मजकूर विकला जात नाही, तो वापरण्याचा परवाना दिला जातो. छापील पुस्तकाचे तसे नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार विक्री होऊन बाहेर पडलेल्या प्रतीवर प्रकाशक हक्क सांगू शकत नाही. ती मित्राला द्या, वाचनालयाला द्या, रद्दीत घाला, पोरांना वारशाने ठेवा. आपली सगळी चळवळ याच हक्कावर वाढली. एक प्रत विहारात यायची आणि वीस घरांत फिरायची; परत येताना तिला पुठ्ठ्याचे आवरण आणि खळीची शिवण लागलेली असायची. आमच्या अभ्यासवर्गाने मागे एका ॲपवर वर्गणी काढून एक पुस्तक घेतले. चौदा माणसे आणि एक खाते. शेवटी ज्याच्या फोनवर ते होते त्याने मोठ्याने वाचले आणि बाकीच्यांनी ऐकले. पोथी ऐकल्यासारखे! ज्यांना वाचायची बंदी होती त्यांच्या नातवंडांनी पैसे मोजून पुन्हा श्रोते व्हावे, याचे आम्हाला हसूही आले आणि रागही.

परवाना असल्यामुळे तो काढूनही घेता येतो. जुलै २००९ मध्ये अमेरिकेत लोकांनी पैसे देऊन घेतलेली जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' ही पुस्तके त्यांच्या किंडलमधून गायब झाली. ज्याने ती दुकानात ठेवली त्याच्याकडे हक्क नव्हते, म्हणून कंपनीने दूर बसून ती पुसली आणि पैसे परत केले. एका विद्यार्थ्याने पुस्तकावर टिपणे काढली होती, ती निरुपयोगी झाली. प्रकरण कोर्टात गेले आणि तडजोड झाली. बेझोस यांनी माफी मागितली. पण हात किती लांब आहे ते जगाला त्या दिवशी समजले. राज्यसत्ता नको असलेला इतिहास पुसते, अशी कथा सांगणारेच पुस्तक नेमके पुसले गेले, हे कुणी मुद्दाम रचले असते तर आपण अतिशयोक्ती म्हणालो असतो.

दुकानच बंद झाले तर? २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले. पैसे परत मिळाले, पुस्तके मात्र उघडेनाशी झाली. चीनमधले किंडलचे दुकान ३० जून २०२३ ला बंद झाले. घेतलेली पुस्तके उतरवून घ्यायला ग्राहकांना एक वर्ष मिळाले. इतक्या मोठ्या कंपन्या आहेत, त्या कुठे जातात, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. कंपनी बुडावीच लागते असे नाही. तिला त्या धंद्यात रस उरला नाही एवढे पुरते.

आपल्याकडचे उदाहरण वेस्टलँड या प्रकाशनसंस्थेचे. २०१६ मध्ये ॲमेझॉनने ती ताब्यात घेतली. भारतीय भाषांतल्या पुस्तकांसाठी तिची 'एका' ही शाखा होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीने ती बंद करत असल्याचे जाहीर केले. लेखकांची धावपळ उडाली, वाचक आहेत तेवढ्या प्रती मिळवायला धावले. पुढे प्रतिलिपीच्या मदतीने ती माणसे पुन्हा उभी राहिली, ही चांगली गोष्ट. पण आम्हाला त्यातला धडा वेगळा दिसतो. जिचा एकूण व्यापार एवढा अवाढव्य, तिच्या वहीत एक नामवंत प्रकाशनसंस्था ही एक ओळ होती. ओळ खोडायला कितीसा वेळ लागतो?

आता लेखकाच्या बाजूने पाहू, कारण आपल्यातले अनेक जण आता स्वतःच पुस्तके चढवू लागले आहेत. १ डिसेंबर २०१६ ला किंडलच्या भारतीय दुकानात मराठीसह पाच भारतीय भाषा आल्या. प्रकाशकाच्या दारात खेटे न घालता पुस्तक काढता येते, जात पाहून हस्तलिखित परत करणारा कुणी नाही, ही आशा खोटी नव्हती. पण करार वाचा. ७० टक्के आणि ३५ टक्के असे मानधनाचे दोन दर आहेत. ठरलेल्या किंमतमर्यादेत पुस्तक ठेवले तर ७० टक्के मिळतात. मात्र भारतातल्या विक्रीवर ते हवे असतील तर पुस्तक 'सिलेक्ट' योजनेत घालावे लागते. त्या योजनेची अट अशी की तेच ई-पुस्तक ९० दिवस दुसरीकडे कुठेही विकायचे नाही, फुकटही द्यायचे नाही, स्वतःच्या संकेतस्थळावरसुद्धा नाही. मुदत संपली की ती आपोआप पुन्हा सुरू होते. म्हणजे शंभर रुपयांच्या पुस्तकावर लेखकाला पस्तीसच्या जागी सत्तर रुपये मिळवायचे असतील तर त्याने बाकी सगळ्या वाटा बंद करायच्या. गरजू लेखक सही करणारच. आम्ही त्याला दोष देत नाही. छापील पुस्तकात विक्रेत्याचे कमिशनच तीस-चाळीस टक्के जाते आणि उधारी वसूल होत नाही ती वेगळीच. पण या सहीने आपण आपल्याच माणसांना आपले पुस्तक द्यायचा हक्क सोडतो, हे सही करताना माहीत असावे.

मोठ्यांनी मोठ्यांशी भांडून पाहिले आहे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या मॅकमिलन या प्रकाशकाने ई-पुस्तकाची किंमत आम्ही ठरवू असा आग्रह धरला, तर ॲमेझॉनने त्याच्या पुस्तकांपुढचे खरेदीचे बटणच काही दिवस काढून टाकले. त्याच सुमारास पाच प्रकाशक ॲपलच्या वळचणीला गेले होते. तिथे किंमत प्रकाशकाने ठरवायची आणि तीस टक्के ॲपलने घ्यायचे. किमती वाढल्या, सरकारने संगनमताचा खटला भरला आणि २०१३ मध्ये न्यायालयाने ॲपलला दोषी धरले. २०१४ मध्ये हॅशेटची पाळी. महिनोन्‌महिने त्यांची पुस्तके उशिरा पाठवणे, आगाऊ मागणी न घेणे असे प्रकार चालले. या भांडणात वाचकाची बाजू घेणारा कुणी नव्हता. एका सावकाराकडून सुटायला दुसरा सावकार गाठण्याची ती गोष्ट होती. ज्यांच्याकडे वकिलांच्या फौजा आहेत त्यांची ही गत, तर नागपूर-औरंगाबादच्या दोन खोल्यांतल्या आंबेडकरी प्रकाशकाचे काय?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. दुकान दुसऱ्याचे असले की पैसे देऊनही जागा मिळत नाही, हे बाबासाहेबांना तेव्हाच समजले. म्हणून 'बहिष्कृत भारत' काढताना त्यांनी स्वतःचा भारतभूषण छापखाना उभा केला. पैशाची ओढाताण असताना छापखान्याचा हा उपद्व्याप कशाला, असे कुणालाही वाटले असते.

त्या दूरदृष्टीचे मोल १९३६ मध्ये दिसले. लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणाला बोलावले, भाषण पाहिले आणि काही भाग गाळा म्हणून सांगितले. स्वल्पविरामही बदलणार नाही, असे बाबासाहेबांनी कळवले. परिषद रद्द झाली. व्यासपीठ मंडळाचे होते, ते त्यांनी काढून घेतले. पण भाषण लाहोरला न छापता मुंबईत छापून घेतलेले होते आणि प्रती बाबासाहेबांच्या हाती होत्या. त्या त्यांनी सरळ बाजारात आणल्या. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. तो मजकूर फक्त मंडळाच्या कपाटात असता तर? आज आम्ही ई-पुस्तकाच्या धंद्याबद्दल बोलतो तेव्हा आमच्या मनात हीच घटना असते. व्यासपीठ गेले तरी प्रती हातात राहिल्या पाहिजेत.

सरकारच्या भरवशावर बसायचे तर तिथला अनुभव सर्वांना माहीत आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर: रायटिंग्ज अँड स्पीचेस'चे खंड काढले, वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. पण खंड संपले की पुन्हा छापले जात नाहीत ही तक्रार जुनीच. २०२१ मध्ये कोट्यवधींचा कागद घेऊन तो गोदामात पडून असल्याची बातमी आली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. इंग्रजी खंडांच्या पीडीएफ परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत, ही सोय मोठी आहे. पण छापील पानाची पीडीएफ पाच इंची फोनवर वाचून पाहा. ओळ डावीकडून उजवीकडे सरकवता सरकवता वाक्य विसरते.

कायद्याने मात्र एक दार उघडले आहे, त्याकडे आपले लक्ष नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले आहे. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाला साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात, त्यामुळे १९८७ मध्ये आलेल्या 'रिडल्स'चा हिशेब निराळा. जोतीराव फुल्यांचे लेखन तर केव्हाच मुक्त झाले. याचा फायदा कुणी घेतला? तेच मुक्त लेखन घाईघाईने उचलून, शुद्धलेखनाकडे न पाहता, भडक मुखपृष्ठ लावून ई-पुस्तक म्हणून विकणाऱ्यांनी. आपल्या बापाची जमीन आपणच पडीक ठेवली तर दुसरा नांगर घालणारच.

आणि आपण काय करतो? दहा वर्षे खपून एखाद्या प्रकाशकाने काढलेले पुस्तक फोनने टिपतो, पीडीएफ करतो आणि 'जय भीम, पुढे पाठवा' म्हणून पन्नास गटांवर टाकतो. विलास वाघ यांनी पुण्यात 'सुगावा' चालवले, तशा कितीतरी जणांनी घरचे दागिने मोडून ही पुस्तके काढली. बड्या कंपनीला आपल्या पीडीएफने काही फरक पडत नाही. मरतो तो सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात स्टॉल लावणारा. गरीब मुलाला पुस्तक मिळावे हे खरेच. पण ती पीडीएफ पाठवणाऱ्यांत महिन्याला ऐंशी हजार पगार घेणारे आपले अधिकारी बांधवही असतात. त्यांनी छापील पुस्तक दोनशे रुपयांना घेऊन मग हवे तर ते वाटावे.

म्हणून मुलांना आम्ही आता असे सांगतो. यंत्र घ्यायचे असेल तर घ्या, पण ईपब सरळ उघडेल असे पाहा. यंत्राशिवायही जुन्या फोनवर फुकटचे वाचन-ॲप टाकून काम भागते; दहा हजारांची खरेदी वाचवून त्याची पुस्तके घ्या. कादंबरी, परीक्षेचे पुस्तक, एकदा वाचून संपणारे काहीही, हे बड्या दुकानातून परवान्यावर घेतले तरी बिघडत नाही. जे पुस्तक मुलाबाळांना द्यायचे आहे ते कागदावर किंवा कुलूप नसलेल्या फाइलमध्येच घ्या.

प्रकाशकांना सांगणे जरा कडक आहे. तुमची ई-पुस्तके तुम्ही स्वतः विका. पन्नास रुपये यूपीआयने घ्यायचे आणि कुलूप नसलेली ईपब फाइल पाठवायची, याला कोट्यवधींची यंत्रणा लागत नाही. फाइल फुटेल ही भीती आहे, पण छापील पुस्तकाचीही पीडीएफ फुटतेच आहे. जीएसटीचा घोळ मात्र समजून घ्या: छापील पुस्तकावर कर नाही, छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर २०१८ च्या जुलैपासून पाच टक्के आणि नुसत्या ई-पुस्तकावर अठरा टक्के अशी ती अजब वाटणी झाली. ज्ञानावर कागद असेल तर करमाफी, नसेल तर दंड! याविरुद्ध एखादे निवेदन आपल्या संघटनांनी द्यायला हरकत नव्हती. आम्ही धरून कुणीच दिले नाही. बड्या दुकानातही पुस्तक जरूर ठेवा, पण एकट्या त्यालाच बांधून देणारी सही करू नका.

आमच्या अभ्यासवर्गाने या उन्हाळ्यात एका दिवंगत कार्यकर्त्याची चौसष्ट पानांची पुस्तिका वारसांच्या लेखी परवानगीने हाती घेतली. प्रकाशकाकडे जुनी फाइल होती, पण श्री-लिपीत. युनिकोडमध्ये फिरवली तर जोडाक्षरे फुटली. 'बहिष्कृत' ओळखू येईना, 'प्रज्ञा'चे दोन तुकडे झाले. मग रविवारी विहारात बसून एकाने छापील पान हातात धरून मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने पडद्यावर दुरुस्त करायचे, असा क्रम लावला. एका बैठकीत सहा-सात पाने होतात. एक्केचाळीस झाली आहेत. श्री-लिपी येणारा एक माणूस आम्हाला अजून हवा आहे.